अर्ध्या बिल्डिंगचे उपास

"एवढे उपास करते, पण अंगावर काही फरक दिसतो का बघ!"

वरच्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत राणेकाकू कोणाला तरी म्हणाल्या. जिन्यात कोणी नसेल असं त्यांना वाटलं असणार. पण जिन्यात मी होते, आणि माझ्यापुढे कठड्याला धरून दम खात शैलाकाकू उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. लिफ्ट आली, दार बंद झालं, आवाज खाली गेले. मग काकू हळूच म्हणाल्या, "खोटं कुठे बोलली गं ती?" आणि हसल्या.  मी त्यांच्या हातातली केळ्यांची पिशवी घेतली आणि आम्ही पुढच्या पायऱ्या चढू लागलो.

लिफ्ट असून काकू जिन्याने यायच्या. "तेवढंच जळतं," म्हणायच्या. गुडघे दुखायचे, प्रत्येक मजल्यावर थांबावं लागायचं, पण पिशव्या घेऊन चढायच्याच.

विरार पूर्वेला, चंदनसारला, आमच्या समोरचं दार त्यांचं होतं. मूळच्या त्या कुडाळकडच्या. काका फोर्टला एका ऑफिसात होते, मुलगा पुण्याला. मी इंग्लिश मीडियमची. मराठी घरात बोलायचे, पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की मला कुठल्याच भाषेत बोलता यायचं नाही. शैलाकाकूंकडे त्याने काही अडायचं नाही, कारण बोलायचं काम त्याच करायच्या. मी त्यांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसायचे आणि त्या शेंगदाणे भाजत बिल्डिंगच्या बायकांचे फोन घ्यायच्या. बहुतेक फोन एकाच गोष्टीसाठी असायचे.

"काकू, उपासाला भेंडी चालते?"

"आमच्याकडे चालते. तू सासूला विचार बाई, नाहीतर ती माझ्या नावाने बोटं मोडेल."

"कोथिंबीर?"

"चालते."

"आणि चहा?"

"चहाला कोणी विचारतं का गं? चहा नाही चालला तर धर्मच बुडायचा."

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, शिवाय मधेच येणारं एखादं व्रत. जगातल्या सगळ्या खाण्याचे काकूंनी दोन भाग केले होते, चालतं आणि चालत नाही. त्यांना खडान्‌खडा माहिती होती, म्हणून सगळे त्यांना विचारायचे. त्यांनी स्वतः काय खाल्लं, हे कोणी विचारलेलं मात्र मला आठवत नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. जेवायला बसताना त्या म्हणायच्या, "तुम्ही घ्या, मी बघते नंतर." रात्री काकांसमोर अर्धी चपाती आणि चमचाभर भाजी. काका कौतुकाने सगळ्यांना सांगायचे, "आमची ही म्हणजे पाखराचं खाणं." आणि मग काकूंकडे बघून त्यांनाच कोडं पडल्यासारखं व्हायचं. ग्रुप फोटो निघाला की काकू माझ्या खांद्याला धरून मला पुढे करायच्या. "तू उभी राहा गं, मी मागे मावते."

दुसऱ्यांचे उपास त्यांच्याकडे कसे आले, त्याचीही गोष्ट आहे. राणेकाकूंचा मुलगा बारावीला होता. राणेकाकूंना पित्ताचा त्रास, म्हणून त्याच्यासाठी चतुर्थी शैलाकाकूंनी धरली. मुलगा पास झाला. झालं! मग कोणाच्या जावयाचा व्हिसा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाचं अडकलेलं घराचं काम. "तुमचा उपास लागू पडतो हो शैलाताई," असं म्हणत बायका येऊन बसायच्या. काकूंना नाही म्हणता यायचं नाही. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? ज्याच्यासाठी उपास, त्याच्या घरून सकाळी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा यायचा, आणि काम झालं की मिठाईचा पुडा. काकू दिवसभर पाण्यावर असायच्या. डबे ओट्यावर रांगेत थांबायचे.

स्टेशनजवळच्या बाजारात गिरीज गावाहून एक बाई वाडीतली केळी आणि सुकेळी घेऊन बसायच्या. सुकेळी म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, केळीच्या वाळक्या पानात घट्ट बांधलेली. काकू मला घेऊन जायच्या, कारण पिशव्या दोन लागायच्या.

"बाय, गेल्या टायमाला एवढी नेलीस, संपली?" बाईंनी एकदा विचारलं.

"पाहुणे येणार आहेत."

"तुझ्याकडे पावने भारी येतात गो. कोन कोन हाय एवढं?"

काकूंनी हसत पैसे दिले आणि भराभर चालायला लागल्या. मी समोरच राहायचे. त्यांच्याकडे पाहुणे येत नव्हते. मुलगासुद्धा गणपतीलाच यायचा.

पाहुणे कोण, ते मला एका दुपारी कळलं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं पार्सल आमच्याकडे आलं. मी दोनदा बेल वाजवली, दार उघडेना. "देवळात गेल्या असतील, आत ठेवून ये," आई म्हणाली. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असायची. मी दार उघडलं. स्वयंपाकघर दारातूनच दिसतं. तिथल्या कोपऱ्यात त्यांचा देव्हारा होता, त्याला छोटा लाल पडदा. तो पडदा मी कधी ओढलेला पाहिला नव्हता. त्या दिवशी तो ओढलेला होता.

काकू खाली फरशीवर बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. भोवती आदल्या दिवशीचे खिचडीचे डबे, दाण्याचं कूट, साखरेचा डबा, खारी, शिळा भात, सुकेळ्यांची सोडलेली पानं. एक घास तोंडात असतानाच दुसरा हात पुढच्या डब्यात जात होता. कूट कोरडंच, भात गारच. कोणीतरी मागे लागल्यासारखं त्या खात होत्या. मधे एकदा थांबल्या, पोटावर हात दाबून धरला, वाटलं आता उठतील. पण त्यांनी खारीचा पुडा ओढला. तोपर्यंत मला वाटायचं, जास्त खाणारी माणसं मजेसाठी खातात. त्या पाठीकडे बघून मजा हा शब्द सुचणं शक्य नव्हतं.

मी पार्सल चपलांच्या स्टँडवर ठेवलं आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

संध्याकाळी काकू आल्या. "पार्सल तू ठेवलंस?"

"हो."

"केव्हा गं?"

"मघाशी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी लॅपटॉपकडे बघत राहिले. "बरं केलंस," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकांना सांगितलं की आजपासून शुक्रवारही धरते आहे. बायका म्हणाल्या, केवढी ही श्रद्धा! मला हळूहळू दिसायला लागलं. नवीन उपास नेहमी अशाच एखाद्या दुपारनंतर यायचा. त्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा समोरचं दार आतून लागायचं, आणि दार लागलं की पुन्हा नवा उपास. यातून बाहेर यायची वाट कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. त्यांनाही दिसत नसावी.

त्याच सुमारास माझ्या आईने त्यांना सोळा सोमवार धरायला सांगितले. माझ्या लग्नासाठी. आईची तब्येत नाजूक, आणि माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. "ही मुलगी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. आता देवानेच काय ते बोलायला पाहिजे," ती म्हणाली. काकू माझ्याकडे बघून हसल्या आणि हो म्हणाल्या.

त्यातल्या एका सोमवारी आम्ही जीवदानीच्या डोंगरावर देवीला गेलो. आई, राणेकाकू, काकू आणि मी. काकूंनी पायऱ्यांनीच चढायचा हट्ट धरला. अर्ध्या वाटेवर त्या एकदम खाली बसल्या. घामाने पदर भिजला होता, हात थरथरत होते, काय बोलतायत ते कळत नव्हतं. शेजारून चढणाऱ्या एका बाईंनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. काकूंनी ओठ घट्ट मिटले.

"बिस्किट चालत नाही हो त्यांना, सोमवार आहे," राणेकाकू म्हणाल्या.

"सरबत द्या, सरबत!" आई म्हणाली.

"सरबतात मीठ असतं. साधं मीठ चालतं का?"

"सैंधव लागतं ना?"

"लिंबू चालतं, पण..."

आणि मग सवयीने सगळ्याजणी काकूंकडेच वळल्या. काकूंनी डोळे मिटूनच सांगितलं, "मीठ... घालू नका. नुसती साखर. चालते." इतक्या हळू, की मला वाकून ऐकावं लागलं. सरबतवाल्याने बिनमिठाचं सरबत केलं. दोन ग्लास प्यायल्यावर त्यांचे हात थांबले.

काकू डायबेटिसच्या गोळ्या घेतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन त्या गड चढत होत्या.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून काकू मला बरोबर घेऊन गेल्या. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर खूप वाढलेली, ब्लड प्रेशर वाढलेलं, लिव्हरवर चरबी. काका डॉक्टरबाईंना म्हणाले, "पण मॅडम, ही काही खातच नाही. पाखराचं खाणं आहे. आणि आठवड्यातले अर्धे दिवस उपास." डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी रिपोर्ट पुन्हा बघितले आणि काकांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मीही उठले, पण काकूंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"काकू, तुम्हाला भूक लागते का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. जणू हा प्रश्नही इंग्रजीतच होता आणि मी तो समजावून सांगायला हवा होता.

"म्हणजे?"

"भूक लागली म्हणून शेवटचं कधी जेवलात?"

काकूंनी बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. बाईंनी मग दुसरं विचारलं. कधी असं होतं का, की भूक नसताना भराभर खाल्लं जातं, पोट दुखायला लागलं तरी थांबता येत नाही? एकटं असताना, कोणी बघू नये म्हणून? आणि नंतर स्वतःची किळस येते?

काकूंची पकड इतकी घट्ट झाली की मला दुखलं.

"मी देवाचा पडदा ओढते," त्या म्हणाल्या.

बाईंना कळलं नाही. मला कळलं. पण मी बोलले नाही, ते काकूंनीच सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं. तुकड्या-तुकड्यांत, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत. लग्न होऊन आल्यावर सासरी बायका सगळ्यांच्या मागून जेवायच्या, उरेल ते. तेव्हापासून हळूहळू. खाताना चव लागत नाही. मध्येच ठरवते की हा शेवटचा, पण हात ऐकत नाही. मग स्वतःला शिक्षा म्हणून उपास. "तुम्ही मला डाएटचा कागद द्या," शेवटी म्हणाल्या. "मी पाळेन. मला उपाशी राहायची सवय आहे."

"कागद नाही देणार," बाई म्हणाल्या. "उपाशी राहण्यानेच तुमची पुढची दुपार तयार होते. काकू, हा आजार आहे. याला नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. हावरटपणा नाही हा, आणि मनाचा दुबळेपणा तर अजिबात नाही. ज्यांना होतो ती माणसं बहुतेक वेळा फार निग्रही असतात. शरीराला खूप वेळ उपाशी ठेवलं की ते मिळेल तेव्हा लूट करतं. त्यात मनावर लाज बसली की ते लपून करतं. साखर, प्रेशर, गुडघे, लिव्हर, हे सगळं त्याच्या मागून येतं."

"यातून कोणी बरं होतं?"

"होतात. वेळ लागतो. मी एका समुपदेशक बाईंकडे पाठवते, त्यांच्याशी बोलायचं. साखरेच्या गोळ्या बदलून देते. आणि ठरलेल्या वेळी खायचं. सकाळी, दुपारी, चार वाजता, रात्री. भूक असो नसो. शक्यतो एकटं बसू नका. उपास बंद."

शेवटचे शब्द ऐकून काकूंनी माझं मनगट सोडलं.

आम्ही रिक्षाने परत निघालो. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगायला काय जातंय? अर्ध्या बिल्डिंगचे उपास माझ्याकडे आहेत. मी सोडले आणि कोणाचं काही वाईट झालं तर? आणि का सोडले विचारलं, तर काय सांगू? आणि तुझे सोमवार?"

"मला लग्नाची घाई नाहीये," मी म्हणाले.

"ते तुझ्या आईला सांग ना."

दोघींनाही हसू आलं. आईला सांगायची हिंमत दोघींतही नव्हती.

पुढचे काही आठवडे काकूंनी दोन्ही सांभाळायचा प्रयत्न केला. सकाळी दार लावून पोहे खायच्या, चोरासारख्या, आणि बाहेर आल्यावर राणेकाकूंना सांगायच्या की आज गुरुवार आहे, मी काही घेत नाही. आधी त्या लपून जास्त खायच्या, आता लपून नाश्ता करायच्या. समुपदेशक बाईंकडे जाताना "बहिणीकडे जाते" म्हणून निघायच्या. एकदा माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काल पडदा ओढला." एवढंच. मी चहा केला, दोघींसाठी पोळीचा लाडू काढला. त्यांनी तो हळूहळू खाल्ला, माझ्यासमोर. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "यात गूळ जास्त झालाय गं." त्यांना चव लागली होती.

नंतर काकांची नोकरी संपली आणि ते दोघं कुडाळला राहायला गेले. समोरच्या दारावर आता दुसऱ्यांची पाटी आहे. काकूंचा अधूनमधून फोन येतो. कधी सांगतात की पडदा ओढला, कधी बरेच दिवस ओढला नाही म्हणून सांगतात. साखर उतरते आहे, पण हळू. पण मला त्या डोळ्यांसमोर येतात त्या इथल्याच एका सोमवारी दुपारी, इथून जाण्याच्या थोडं आधी.

त्या दिवशी काकांना सुट्टी होती, माझं काम घरूनच चाललं होतं. काकूंचा फोन आला. "जेवायला ये. एकटं बसू नका म्हणाल्यात ना." मी गेले तर त्यांचं बाहेरचं दार सताड उघडं होतं. मला वाटलं लावायचं राहिलं असेल, म्हणून मी लावायला लागले. "राहू दे तसंच," त्या आतून म्हणाल्या. टेबलावर ताटं होती. वरण, भात, फरसबीची भाजी, पापड. देव्हाऱ्याचा पडदा बाजूला होता, महादेवाच्या फोटोला ताजं बेलाचं पान. काकूंनी भातावर वरण घेतलं, लिंबू पिळलं. तेवढ्यात आई आणि राणेकाकू खिचडीचा डबा घेऊन दारात आल्या. राणेकाकूंच्या मुलीला दिवस गेले होते, तिच्यासाठी काकूंना काहीतरी धरायला सांगायचं होतं.

त्या दारातच थांबल्या.

"अगं बाई, शैलाताई! आज सोमवार ना?"

आईने आधी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काका गडबडीने उठले. "गोळ्या बदलल्यात तिच्या. डॉक्टरांनीच सांगितलंय, उपाशी राहायचं नाही म्हणून."

"असं होय!" राणेकाकूंचा जीव भांड्यात पडला. "मग चालतं हो. औषध म्हणून खाल्लेलं चालतं. देवाला कळतं सगळं." आईनेही मान हलवली. इतकं सोपं होतं. काकूंनी फक्त हो म्हणायचं होतं. डबा ओट्यावर गेला असता, मुलीचा उपास धरला गेला असता, आणि उद्या दुपारी दार लागलं असतं.

सगळे काकूंकडे बघत होते, काय चालतं ते नेहमी त्यांनीच सांगायचं, तसे. काकूंनी वरणभात कालवला. एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला. 

"नाही हो राणेताई, औषध म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "उपास झाला की दुसऱ्या दिवशी मी दार लावून खाते. पोट फुटेपर्यंत खाते, आणि मग लाज वाटते म्हणून पुन्हा उपास धरते. इतकी वर्षं हेच करते आहे. आता नाही धरणार, कोणाचाच नाही. आज मला नुसती भूक लागलीय."